पांढऱ्या झाकणावरची काजळी

करी रोड स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं सायलेन्सर-वेल्डिंगचं गॅरेज आहे. गेली चौतीस वर्षं मी गाड्यांखाली उताणा पडून काढली. त्यामुळे धुराबद्दल मला कुणी काही शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकाने 'नेटवर वाचलं' असं म्हणायचा अवकाश, मी पाना खाली ठेवून सरळ चहाला निघून जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला शिकवणारी एक बाई भेटली आणि त्या दिवशी मी चहाला गेलो नाही.

गुणवंती तिचं नाव. वरळी कोळीवाड्यातली. परळच्या मंडईत तिचा मासळीचा ओटा आहे, आणि वीस वर्षं मी तिचं गिऱ्हाईक. आमची ओळख भांडणातूनच झाली. तिच्या ओट्यावरचं पापलेट मी एकदा शिळं म्हणालो. तिने कल्ला उचलून आतला लाल रंग मला दाखवला, पापलेट माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "तुज्या तोंडाला नाय देणार हा मासा." पुढचे दोन आठवडे तिने मला खरोखरच मासळी विकली नाही. मी पैसे पुढे करायचो, ती माझ्यामागच्या माणसाशी बोलायची. उलट एखादा मासा खरंच उतरलेला असला तर स्वतःच सांगायची, "हा नको घेऊस." तिच्या बोलण्यात अहो-जाहो नाही. मी मात्र तिला ताई म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो.

तिचा नवरा दारूने गेला. तीस वर्षं तिने त्याला रस्त्यावरून उचलून घरी आणला आणि सकाळी उठून धंदा केला. मुलगा प्रितेश, आता तिशीचा. मधे चार-दोन वर्षं तोही बापाच्या वाटेने निघाला होता. लग्नाआधी ती त्याला कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी घेऊन गेली आणि त्याच्याकडून शपथ घेतली. तेव्हापासून सहा वर्षं त्याने बाटलीला हात लावला नव्हता. आई-मुलगा पहाटे ससून डॉकला जायचे, माल घ्यायचे, गाडीने परळला यायचे. गुणवंती मंडईत उतरायची आणि प्रितेश उरलेला माल घेऊन दादर-माटुंग्याच्या हॉटेलांना पोचवायला जायचा. गाडी जुनी, सात सीटची, पेट्रोलवरची. मागच्या सीटा काढून तिथे थर्माकोलचे मोठाले डबे रचलेले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हा प्रितेश बिघडल्यासारखा वागायला लागला. माल पोचवून परत यायचा तेव्हा डोकं धरून यायचा. बोलताना जीभ जड, चालताना तोल जाणारा. दोनदा मंडईच्या गटाराशी बसून ओकला. दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. घरी जाऊन झोपला की संध्याकाळपर्यंत ठणठणीत. ओकणारा, झोकांड्या खाणारा, दुपारी झोपून संध्याकाळी शुद्धीवर येणारा पुरुष गुणवंतीने आधी पाहिलेला होता. मंडईतल्या बायकांनीही पाहिलेला होता. कुजबुज सुरू झाली.

मग एक दिवस दादरला त्याने गाडी दुभाजकावर चढवली. कुणाला लागलं नाही हे नशीब. दोघा माणसांनी त्याला धरून मंडईत आणून सोडला. "बेवडा आहे, सांभाळा," म्हणून गेले. गुणवंती ओट्यावरून उतरली आणि भरल्या बाजारात तिने त्याच्या थोबाडीत मारली. "एकवीरेची शपथ मोडलीस," म्हणून ओरडली. तो म्हणाला, "आई, मी नाय प्यालो." तिने आणखी एक दिली.

प्रितेशची बायको ऋतिका ठाकूरद्वारची. त्याच संध्याकाळी तिने तीन वर्षांच्या मुलीचे कपडे पिशवीत भरले. सासूला म्हणाली, "आई, तुम्ही तीस वर्षं काढलीत. मी नाही काढणार." गुणवंतीने तिला अडवलं नाही. "बरोबर बोलतेस तू," म्हणाली, खाली जाऊन टॅक्सी थांबवली आणि सुनेला, नातीला स्वतः बसवून दिलं. हे मला पुढे ऋतिकानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंती माझ्या गॅरेजमध्ये आली. मागून प्रितेश, मान खाली.

"वसंत, गाडीचा धूर आत येतो का बग," ती म्हणाली. "पोऱ्या सांगतो, गाडीत बसला का डोका दुखतो."

माझ्या कानावर मंडईतली बातमी आली होती. मनात म्हटलं, बेवड्याला गाडीचं निमित्त बरं सापडलं. तरी गाडी बघितली. गाडी स्वच्छ धुतलेली, डबे सगळे उतरवलेले, डिकी घट्ट लावलेली. गॅरेजमध्ये द्यायची म्हणून बाईने मुद्दाम साफ करून आणली होती. मी खाली शिरलो. मागच्या नळीच्या तोंडात कपड्याचा बोळा कोंबला, धूर कुठून गळतो ते ऐकायला इंजिन चालू ठेवून कान लावला. एका जोडाशी बारीक फुसफुस होती, तिथे वेल्डिंग मारलं. मग काचा लावून आत दहा मिनिटं बसलो. काही नाही. मागे जाड रबराची चटई होती, ती मात्र मी उचलली नाही. कारण सांगायला लाज वाटते. तिच्याखाली मुरलेल्या बर्फाच्या पाण्याचा असा भपकारा होता, की बांगड्यावर वाढलेल्या या मालवणी माणसानेसुद्धा नाक मुरडलं.

बाहेर येऊन हात पुसत मी म्हणालो, "गाडी ओके आहे, ताई. मुलाकडे बघा."

प्रितेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची बायको, त्याचं नाव, त्याची शपथ, सगळं एका वाक्यात निकालात काढलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. गुणवंती पैसे देऊन गेली.

पाचव्या दिवशी ती परत आली. या वेळी एकटीच. ओटा त्या दिवशी तिने शेजारच्या कमळाबाईवर टाकला होता. काखेत थर्माकोलच्या डब्याचं एक मोठं पांढरं झाकण. ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बोट फिरव."

मी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"ही काजळी," ती म्हणाली. "डिकीकडच्या डब्यांवर हाय. पुढच्या डब्यांवर नाय. आणि बग, आतल्या बाजूला जास्त, रस्त्याकडच्या बाजूला कमी. धूर बाहेरून जातो तर आत काजळी कशी?"

मी झाकण उलटंपालटं करत राहिलो.

"आता मी सांगते ता ऐक. दोन दिवस मी परळला उतरलेच नाय. त्याच्याबरोबर माटुंग्यापर्यंत फिरले. दोन्ही दिवस पोऱ्याला काय झाला नाय. का? मना काच बंद चालत नाय, मी काच उघडी ठेवते. मी उतरले का पुढचा दीड तास तो काच लावतो, हॉटेलवाल्यांचे फोन घेतो, हॉर्नमधून ऐकू येत नाय म्हणून. एसी लावतो. आणि डबे मोठे, डिकी लागत नाय, म्हणून दोरीने अर्धी बांधतो. तू गाडी बघितलीस ती रिकामी, डिकी लावून, जागेवर उभी. आमची गाडी अशी कधी चालतच नाय."

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. चौतीस वर्षं मी ज्या धुरावर पोट भरलं, तो धूर ही बाई झाकणावर वाचून आली होती. चालत्या गाडीची डिकी अर्धी उघडी आणि काचा बंद असल्या, की गाडीमागची हवा आतच ओढली जाते, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण मी माझ्या सोयीची गाडी तपासली होती, त्यांची नाही. तिला ना इंजिन कळतं, ना तिने कुठे काही वाचलेलं. तिने फक्त रोज जे होतं ते नीट पाहिलं, जसा माशाचा कल्ला उचलून पाहते तसं. मला त्या क्षणी तिच्यासमोर बसवेना. मी उभाच राहिलो.

"ताई, तुम्हाला हे झाकण बघायचं सुचलं कसं?" मी विचारलं.

"धुताना हात काळा झाला," ती म्हणाली. "रोज होत असेल. रोज मी साबण लावत होते."

माझा मित्र निलेश गॅसचे गीझर दुरुस्त करतो. बंद बाथरूममध्ये माणसं गुदमरल्याच्या बातम्या येतात ना, त्याच विषारी वायूचा मीटर त्याच्याकडे असतो, मोबाइलएवढा. त्याला फोन केला. मीटर घेऊन आला, आणि माझ्या तोंडावर मलाच बोलला, "वशा, मेल्या, गाडीत बसून वास घेत होतास? ह्या वायूक वास नसता. धुराचो वास येता तो दुसऱ्याच गोष्टींचो, आणि मासळीच्या गाडयेत तुका तोय कळाचो नाय." मग गुणवंतीकडे वळून शुद्ध मराठीत समजावलं, "पस्तीसच्या वर आकडा गेला की काच उघडायची. दोनशे झाले की गाडीतून उतरायचं. विचार करायचा नाही."

प्रितेश गाडी घेऊन आला. नेहमीसारखे डबे भरले, डिकी दोरीने अर्धी बांधली, काचा लावल्या. गाडी मी चालवायची ठरलं. प्रितेशला मी गल्लीतच थांबायला सांगितलं, कारण त्याच्या अंगात आधीच किती विष होतं देव जाणे. शेजारच्या सीटवर गुणवंती बसली.

"तुम्ही नको, ताई," मी म्हणालो. "मी मीटर बघेन."

"तू रस्ता बग," ती म्हणाली आणि मीटर हातात घेतला.

गल्लीत उभ्या गाडीत आकडा शून्य होता. लालबागच्या पुलावर चढलो तेव्हा वीस. पुलाच्या मध्यावर साठ; काच उघडायला हवी होती, पण आकडा कुठवर जातो ते बघायचं होतं. परळला उतरेपर्यंत नव्वद. वास फक्त मासळीचा. एसीची गार हवा तोंडावर येत होती, इतकी छान, की कुणालाही डुलकी लागावी. पुढे हिंदमाताच्या चौकात गाड्यांच्या रांगेत थांबत-सरकत निघालो आणि आकडा एकशे चाळीस झाला. मीटर ओरडायला लागला. दादरच्या अलीकडे दोनशे दहा.

मी काचेच्या बटणाकडे हात नेला. तिने माझा हात धरला.

"थांब. पोऱ्या असा किती वेळ बसतो?"

"दीड तास. तुम्हीच म्हणालात. ताई, हात सोडा."

तिने सोडला नाही. तिची नजर त्या आकड्यावर होती. "दीड तास," ती म्हणाली. "रोज. आणि सगळ्या हॉटेलांचा माल बरोबर पोचवून, गाडी घेऊन तो परत येत होता. डोका असा असताना. कुणाला धक्का न लावता. आणि मी त्याला मारला."

मी हात हिसडून चारही काचा खाली केल्या, गाडी कडेला घेतली, दार उघडून तिला बाहेर काढलं. ती फूटपाथच्या रेलिंगला धरून उभी राहिली आणि रडली. मीही रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पोराला खोटं ठरवणाऱ्यांत मी होतो, आणि ते पोर रोज दीड तास मरणाशेजारी बसून प्रामाणिकपणे धंदा करत होतं. मीटरचा आवाज हळूहळू बंद झाला. मी सगळ्या काचा आणि डिकीही उघडी ठेवून गाडी गॅरेजला आणली.

मग मी ती रबराची चटई उचलली. खालचा पत्रा बर्फाच्या खाऱ्या पाण्याने सडून गेला होता. वर्षानुवर्षं डब्यांतून झिरपलेलं पाणी चटईखाली साठून राहिलं होतं. दोन ठिकाणी हात जाईल एवढी भोकं पडली होती, त्यातून गल्लीतली फरशी दिसत होती. बरोबर त्याखाली सायलेन्सरची मागची नळी. तिचंही टोक गंजून गळून पडलेलं. धूर गाडीच्या मागे जाऊन सुटायला हवा, तो पोटाखालीच सुटत होता. अर्धा भोकांतून वर, अर्धा उघड्या डिकीतून आत. मी खाली उताणा पडून त्याच नळीच्या तोंडात बोळा कोंबला होता, पण नळी कुठे संपते ते बघितलं नव्हतं.

त्या कामाला तीन दिवस लागले. सडका पत्रा कापला, नवा वेल्ड केला, नळी बंपरच्या बाहेर काढली, डिकीचं रबर बदललं. बर्फाचं पाणी पत्र्यावर येऊ नये म्हणून डब्यांखाली तळाला खोल ट्रे बसवला. गुणवंतीने मोठे डबे काढून बुटके आणले, डिकी लागेल असे. निलेशने एक छोटा अलार्म आणून डॅशबोर्डला चिकटवला. शेवटी तेच डबे भरून, तोच रस्ता, काचा लावून मी पुन्हा फिरलो. माटुंग्यापर्यंत आकडा शून्याचा एक झाला नाही. मगच चावी दिली. प्रितेशला सरकारी रुग्णालयात रक्त तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला पंधरा दिवस गाडीपासून लांब राहायला सांगितलं.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतीचा फोन आला, "मंडईत ये. नऊ वाजता. आंघोळ करून ये."

गेलो. नऊ म्हणजे गर्दीची वेळ. ओट्यासमोर प्रितेश उभा. त्याच्या शेजारी मुलीला कडेवर घेऊन ऋतिका. सकाळीच गुणवंती ठाकूरद्वारला जाऊन तिला घेऊन आली होती. तिने सुनेला 'परत ये' म्हटलं नव्हतं. फक्त म्हणाली होती, 'मी मंडईत काय बोलते ते ऐकायला चल, मग तुला काय करायचा ते तू कर.'

गुणवंती ओट्यावर चढली. कोळणीचा आवाज तो, मंडईच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला.

"ऐका गो सगळ्यांनी. ह्याच जागी मी माज्या पोऱ्याला मारला, तुमच्या समोर. एकवीरेची शपथ मोडली म्हटला. पोऱ्या प्यालेला नव्हता. गाडीत विषारी धूर भरत होता. मी चुकले. पोऱ्या खरा होता."

मग ती खाली उतरली आणि वाकून मुलाचे पाय धरायला गेली. प्रितेशने तिला अर्ध्यातच उचललं. "आई, काय करतेस," एवढंच म्हणाला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. ऋतिकाने मुलीला त्याच्याकडे दिलं. तिघी-चौघी बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, त्यांत त्या कुजबुजणाऱ्याही होत्या. मंडईतला सुरीचा खटखटाट थांबला होता. मी इतक्या वर्षांत तो थांबलेला कधी ऐकला नव्हता.

मला का बोलावलं होतं ते मला तेव्हा कळलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला तिथे गप्प उभं राहता येईना. माझी जीभ असल्या कामाला वळत नाही. गिऱ्हाइकाला 'माझी चूक' म्हणायची वेळ आली तर मी पैसे परत करतो पण तो शब्द उच्चारत नाही. त्या दिवशी मी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणालो, "गाडी ओके आहे असं मी सांगितलं होतं. मी नीट बघितली नव्हती. चूक माझी." प्रितेश जवळ आला आणि म्हणाला, "काका, चहा घेणार?"

चहा त्यानेच पाजला. ऋतिका मुलीला घेऊन ओट्यामागे बसली होती, आणि आता ती तिथेच राहणार हे दिसत होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी गुणवंतीला एकटीला गाठलं. एक प्रश्न मला आठवडाभर कुरतडत होता.

"ताई, खरं सांगा. तुम्ही त्याला मारलंत, म्हणजे तुम्हालाही वाटलं होतं तो प्यायलाय. मग दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन माझ्याकडे कशा आलात?"

ती बोंबील सोलत होती. हात थांबला नाही. "दुसरी थोबाडीत मारली तवा त्याचा तोंड माज्या तोंडाजवळ आला. वास नव्हता. तीस वर्षं मी तो वास घेऊन झोपले. मना तो नाकात घातल्यासारखा माहीत हाय. पोऱ्याच्या तोंडाला नव्हता. मग त्याच्यानंतर मना काय विचारायचाच नव्हता. पण नुसत्या वासावर सुनेला कशी थांबवू, म्हणून तिला जाऊ दिला."

"आणि मी तर गाडी ओके म्हणालो होतो. मीटरही शून्यावरच राहिला असता तर?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. मी एवढं सोपं काही कसं विचारू शकतो, असा तिचा चेहरा होता.

"तर दुसरा गॅरेज बघितला असता," ती म्हणाली.